कुत्रा पुन्हा जेवत नाहीये: अन्न बदलण्याआधी काय तपासावं

आमचा खंड्या गेल्या वर्षात चार वेळा जेवायचा थांबला. चारही वेळा कारण निराळं निघालं, पण पहिल्या दोन्ही वेळा आम्ही उपाय मात्र तोच केला: चिकन उकडलं, भातात कालवलं, पुढे ठेवलं. मार्चमध्ये त्याने ते चाटूनपुसून खाल्लं. ‘नखरे होते मेल्याचे’ म्हणून आम्ही मोकळे झालो. जुलैत पुन्हा तसंच झालं तेव्हा नखरेच गृहीत धरले आणि तापाचे दोन दिवस फुकट घालवले. हे सगळं लिहायला बसले ते त्या दोन दिवसांमुळे.

खंड्या गावठी, सात वर्षांचा, बावीस किलोचा. रत्नागिरीजवळ वाडीत घर, अंगण, मागे चिऱ्याचा गडगा. म्हणजे गोचिडींना आणि उंदरांना काही कमी नाही.

थांबायचं किती?

धडधाकट मोठा कुत्रा एखादं जेवण टाळतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पाणी पितोय, शेपूट हलवतोय, फाटक वाजलं की भुंकतोय, तर चोवीस तास बघायला हरकत नाही. त्यापुढे डॉक्टरांना फोन करायचा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र चोवीस तास द्यायचे नाहीत, बारा तास झाले की उचलून न्यायचं. अगदी लहान पिल्लांची साखर त्याआधीच उतरते. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू जेवत नाही आणि उलट्या किंवा घाण वासाची रक्ताळ शी करतंय, तर पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो, आणि त्यात सकाळ-संध्याकाळचाही फरक पडतो.

काही गोष्टी दिसल्या तर हा लेख अर्धा सोडून निघा. पोट फुगून टणक झालंय आणि ओकारी काढतोय पण बाहेर काही पडत नाही. मोठ्या, खोल छातीच्या जातींमध्ये पोटाला पीळ पडतो आणि ते तासांवर येतं. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा पिवळ्या दिसतायत. पाणीही पीत नाही, किंवा प्यायलेलं पाणी लगेच बाहेर. नसबंदी न झालेली कुत्री, माज येऊन गेल्याला महिना-दोन महिने झालेत, जेवण बंद आणि पाणी मात्र घटाघटा पितेय: गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेरून स्राव दिसलाच पाहिजे असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर सगळं आतच साचतं.

आणखी एक. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, वागणं विचित्र झालंय, तर ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज झालेला कुत्रा पाण्याला घाबरतोच असं नाही. तो पाण्याशी जातो, त्याला गिळता येत नाही. लस नक्की कधी दिली होती हे आठवत नसेल तर तोंड उघडून बघायचं काम डॉक्टरांचं.

भांड्यापाशी काय करतो?

हे मला डॉक्टरांनी शिकवलं, आणि आजवर सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. ‘जेवत नाही’ एवढं सांगून भागत नाही. भांडं ठेवा, दोन हात मागे सरका आणि गप्प बघा. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा.

तो उठून येतच नाही, कान पाडून पडून राहतो, भांड्याचा आवाज ऐकूनही डोळेच फक्त हलतात: त्याला भूकच नाही. ताप, मूत्रपिंड, यकृत, कुठलं तरी दुखणं, हे सगळं या खात्यात. येतो, वास घेतो, ओठ चाटतो, आवंढे गिळतो आणि तोंड फिरवतो: मळमळतंय. येतो, तोंडात घास घेतो, खाली टाकतो, एकाच बाजूने चावतो किंवा मऊ तेवढंच वेचतो: भूक आहे, तोंड दुखतंय. आणि चौथा प्रकार, येतो, वास घेतो, मग वळून थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो. हा आमच्या मार्च महिन्याचा प्रकार.

मार्च: बिस्किटांचा हिशेब

आठ दिवस खंड्या सकाळचं जेवण सोडत होता. वजन घटलेलं नव्हतं, उलट अर्धा किलो वाढलं होतं. तिथेच मला कळायला हवं होतं. आठव्या दिवशी फ्रिजवर कागद चिकटवला, शेजारी दोरीला पेन्सिल बांधली, आणि घरात सांगितलं की जो कोणी खंड्याला जे काही देईल त्याने इथे रेघ मारायची. कुणाला ओरडणार नाही असं वचनही द्यावं लागलं.

संध्याकाळी कागदावर असं होतं: सासूबाईंच्या चहाबरोबर सहा ग्लुकोज बिस्किटं, मामंजींकडून तूप लावलेली दीड पोळी, मुलाने शाळेत जाताना नावडती म्हणून दिलेली चार बिस्किटं, दुपारी साय आणि वाटीभर दूध. शेजारच्या काकूंची अर्धी भाकरी कागदावर नव्हती, ती नंतर कळली. ग्लुकोज बिस्किटात शंभर ग्रॅमला साधारण साडेचारशे कॅलरी असतात. सगळं मिळून अंदाजे सातशेच्या घरात गेलं. बावीस किलोच्या कुत्र्याला दिवसभराला लागतात अकराशे ते तेराशे. अर्ध्याहून जास्त पोट वरच्या खाण्यानेच भरत होतं, आणि वर आम्हीच म्हणत होतो की बिचारा काही खात नाही.

उपाय सोपा, पाळणं अवघड. जेवण ठरल्या वेळी ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उचलायचं, मध्ये काही नाही, पाणी कायम भरलेलं. दुसऱ्या वेळेला तेच जेवण, त्यात चिकनची लाच नाही. खंड्याने पहिल्या दिवशी दोन्ही वेळा तोंड फिरवलं, दुसऱ्या संध्याकाळी भांडं घासून ठेवल्यासारखं केलं. सासूबाईंचा जीव तुटत होता, त्यांची समजूत अशी काढली की त्याच्याच पिशवीतल्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांतले मूठभर सकाळी बाजूला डब्यात काढून ठेवायचे आणि चहाच्या वेळी त्यातूनच द्यायचे. द्यायचं सुख त्यांना, हिशेब मला.

हा उपाय फक्त बाकी सगळं ठणठणीत असलेल्या मोठ्या कुत्र्यावर. पिल्लू, म्हातारा, मधुमेही, इवल्या जातीचा किंवा जरासाही मलूल कुत्रा असेल तर भुकेवर ठेवायचं नाही. मी मात्र या यशावर इतकी खूश होते की पुढची चूक तिथेच पेरली गेली.

जुलै: टिक फीवर

पाऊस लागून राहिलेला. खंड्याने सकाळचं सोडलं, संध्याकाळचं सोडलं. ‘परत सुरू झालं याचं’, मी भांडं उचललं. दुसऱ्या दिवशी चिकनच्या पाण्याला तोंड लावलं, थोडं चाटलं, म्हटलं बघा, नाटक. तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन आला आणि खंड्या भुंकला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा थर्मामीटर लावला. माणसांचा साधा डिजिटल चालतो, फक्त तो मग कुत्र्याचाच. टोकाला व्हॅसलीन, शेपूट वर धरून गुदद्वारात इंचभर, दुसऱ्याने डोक्याशी बसून बोलत राहायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्याला हाताला तो कायमच गरम लागतो. १०३ च्या वर गेला तर ताप समजायचा. खंड्याचा १०४.२ होता. नाक ओलं आहे की कोरडं यावरून काही कळत नाही. त्याचं नाक त्या दिवशीही ओलंगार होतं.

मग हिरड्या. वरचा ओठ उचलायचा, हिरडीवर बोट दाबायचं, सोडायचं. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. कुत्रा बरा असतानाच एकदा हे करून रंग लक्षात ठेवावा. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. खंड्याच्या हिरड्या फिकट, ओल्या खडूसारख्या दिसत होत्या. आणि कानाच्या आत, पट्ट्याखाली, पुढच्या पायाच्या बोटांमध्ये गोचिडी. मी रोज त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते, बोटांत कधी बघितलं नव्हतं.

रक्त तपासलं, प्लेटलेट बासष्ट हजार. निरोगी कुत्र्यात त्या दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर असतात. निदान एहर्लिकिया. हा जंतू तपकिरी गोचीड चावल्यावर अंगात जातो, ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे ताप येतो तेव्हा ती गोचीड कधीच गळून गेलेली असू शकते. ‘अंगावर एकही गोचीड नाही’ हा काही पुरावा नव्हे. बबेसिया हा दुसरा जंतूही हीच गोचीड पसरवते, त्याचं औषध वेगळं, म्हणून तपासणीशिवाय मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत.

हा आजार वारंवार भूक जाण्याचं आपल्याकडचं ठळक कारण आहे, कारण तो दबून राहतो. त्यावरच्या डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स साधारण अठ्ठावीस दिवसांचा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो, आणि तिथेच बरेच जण गोळ्या थांबवतात. जंतू अंगात राहतो, महिन्यांनी परत डोकं वर काढतो, आणि आपण म्हणतो याचं आपलं अधूनमधून असं होतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे घर. या गोचिडीची मादी हजारो अंडी घालते, आणि ती कुत्र्याच्या अंगावर नाही, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, गडग्यातल्या दगडांत. कुत्र्याला औषध लावलं आणि भिंती तशाच ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच. आम्ही खंड्याची झोपायची जागा रिकामी केली, गोणपाट जाळलं, फटी सिमेंटने बुजवल्या, आणि डॉक्टरांनी दिलेलं फवारणीचं औषध कुत्र्याला दूर ठेवून मारलं.

ताप बघून घरात कुणीतरी आपली तापाची गोळी द्यायला निघेलच. देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, दोन्ही कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड बिघडवू शकतात.

याच पावसात लेप्टोही असतो, उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा. जेवण बंद, उलट्या, लघवी एकदम कमी किंवा एकदम जास्त, मग डोळे-हिरड्या पिवळ्या. तो माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी धुताना हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. वर्षाच्या लसीत लेप्टो आहे का, हे कार्डावर एकदा बघून घ्या.

गोळ्यांनीच भूक मारली

ताप उतरला, पाच दिवस छान खाल्लं, सहाव्या दिवशी खंड्याने चिकन-भाताकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी घाबरून फोन केला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: ‘गोळी कशात देताय?’ चिकन-भातातच कुस्करून. कडू. कुत्र्याने दोन-तीनदा कडू घास खाल्ला की तो त्या अन्नाशीच वैर धरतो, गोळी नसली तरी. शिवाय डॉक्सीसायक्लिनने पोटात ढवळतं.

आता गोळी जेवणात मिसळत नाही. आधी अर्धं जेवण, मग गोळी रताळ्याच्या किंवा चिकनच्या लहानशा गोळ्यात आख्खी, वर थोडं पाणी, मग उरलेलं जेवण. दूध-दह्यातून ही गोळी द्यायची नाही, कॅल्शियममुळे ती नीट लागू पडत नाही. चिकन-भात आम्ही दोन आठवडे बंदच ठेवला, त्याऐवजी अंडं-भात, आणि गाडी रुळावर आली.

जबरदस्तीने बोटांनी घास कोंबायचा प्रकारही याच जातीतला. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि मळमळणाऱ्या कुत्र्याला त्या अन्नाची कायमची शिसारी बसते.

भाद्रपद

याबद्दल फार लिहायला नको, आपल्याकडे म्हणच पडलीय. वाडीत कुत्री माजावर आली की नर चार-पाच दिवस जेवत नाहीत, रात्रभर रडतात, फाटकाखालून उकरतात. ताप नाही, हिरड्या गुलाबी, नाक फाटकाकडे. आम्ही काही केलं नाही, दिवाळीनंतर नसबंदी केली. दिवाळीचे फटाके, घरातलं लग्न, सोबतचा कुत्रा जाणं, घर बदलणं, यानेही दोन-तीन जेवणं सुटतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या उन्हात कुत्रे दुपारी खात नाहीत, त्यांना पहाटे आणि रात्री ऊन निवल्यावर द्यावं.

डिसेंबर: दाढ

या वेळी मी शहाणी झाले होते. भांडं ठेवलं आणि बघत बसले. आला, घास उचलला, मान तिरकी केली, टपकन खाली टाकला. पुन्हा उचलला. मग फक्त ओला भात चाटला. थर्मामीटर १०१.६. म्हणजे तोंड.

वरच्या मोठ्या दाढेचा बाहेरचा टवका उडाला होता. मटणाच्या नळीचं हाड. कुत्र्याला हाड द्यायचंच असं आपण धरून चालतो, पण हीच दाढ अशा हाडांवर चिरते, मुळाशी पू होतो आणि डोळ्याखाली सूज येते. भूल देऊन दाढ काढली, दुसऱ्या दिवशी मऊ भात, आठवड्यात पूर्ववत. तपासताना टाळूही बघावी: आडवं अडकलेलं हाड, लाकडाचा तुकडा, आमच्या बाजूला बांगड्याचा काटा. चार-पाच वर्षांवरच्या कुत्र्याच्या तोंडाला वास येतोय आणि दातांवर पिवळं-तपकिरी कीटण चढलंय, तर जेवणाची तक्रार तिथूनच असू शकते. मात्र म्हातारा कुत्रा, श्वासाला लघवीसारखा वास, पाणी जास्त, वजन उतरतंय, तर दातांवर न थांबता मूत्रपिंडाची रक्त-लघवी तपासणी करून घ्यावी.

मळमळीच्या खात्यातलं एक सांगायचं राहिलं. सकाळी उठून पिवळा फेस ओकणारा आणि मग दुपारपर्यंत न खाणारा कुत्रा बऱ्याचदा रात्रभर रिकाम्या पोटामुळे तसं करतो. झोपताना मूठभर खाणं दिलं की फरक पडतो. पण गटारी किंवा धुळवडीला मटणाची चरबी खाऊन दुसऱ्या दिवशी ओकतोय, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करून ताणतोय, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. त्याला घरगुती उपाय नाही.

पिशवीचा वास घ्या

भूक, ताप, तोंड सगळं ठीक आणि तरी दाणे नको असतील तर पिशवीत नाक घाला. स्वस्त पडते म्हणून मोठी पिशवी आणली, कोकणच्या पावसात दोन-अडीच महिने पुरवली, की दाण्यांतली चरबी खवट होते. जुन्या तेलाचा वास येतो. आपल्याला तो पुसट लागतो, कुत्र्याला नाही. उघडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच आणावी, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, ओल्या हाताने काढू नये. बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरू नका, सगळं टाका. भांड्याला मुंग्या लागतायत का, तेही बघा. खंड्या मुंगी दिसली की भांडं सोडतो.

आजारातून उठताना

अन्न कोमट करून द्या, गरम नाही. वास सुटतो आणि खाणं बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. उकडलेलं बिनहाडाचं चिकन किंवा अंडं, मऊ भात, आणि चिकनचं पाणी, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे घरच्या रश्श्याचं ‘थोडंसं वरून’ही नको. मनुका-बेदाणे, चॉकलेट, आणि झायलिटॉल घातलेली शुगर-फ्री खाणी यांवर पूर्ण बंदी. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. नेहमीच्या अन्नावर चार ते सात दिवसांत हळूहळू परत आणा, नाहीतर चिकनची सवय लागून पुन्हा मार्च सुरू.

भूक वाढवायची औषधं असतात, पण कारण सापडायच्या आधी ती दिली तर खंड्यासारखा कुत्रा तापातही चार घास खाईल आणि आपण आणखी दोन दिवस वाट बघत बसू.

फ्रिजवरचा तो कागद आता वही झालाय. त्यात जेवण सोडलेली तारीख, त्या दिवशीचं तापमान, हिरड्यांचा रंग, उलटी-शी, शेवटचं जंताचं आणि गोचिडीचं औषध, आणि दर महिन्याच्या एक तारखेचं वजन. वजनासाठी आधी मी एकटी काट्यावर, मग खंड्याला उचलून, आणि वजाबाकी. बावीस किलो उचलताना तो तोंड चाटतो त्यामुळे आकडा हलतो, तेव्हा तीनदा बघून मधला लिहिते. मामंजींच्या पोळीच्या रेघा त्याच वहीत मागच्या पानावर आहेत, अजून चालू.